बालकांचे उच्चारदोष : निदान व उपचार यांच्या इतिहासातील एक स्थित्यंतर

१

मुलांचे बोबडे बोल हा मराठी घरात कौतुकाचा विषय आहे. दोन वर्षांचे मूल ‘काका’ऐवजी ‘ताता’ म्हणते तेव्हा घरातील वडीलधारी माणसे हसतात, आणि काही काळ तीही मुलाशी त्याच बोलीत बोलू लागतात. बहुसंख्य मुलांच्या तोंडून ही रूपे यथाकाल आपोआप नाहीशी होतात. तथापि काही मुले पाच-सहा वर्षांची झाली तरी ‘ताता’च म्हणत राहतात. त्यांचे बोलणे आईवाचून इतरांस उमगत नाही. शाळेत त्यांची थट्टा होते. शिक्षक त्यांना मंद किंवा आळशी समजतात. आणि कालपर्यंत जे कौतुक होते त्याची जागा चिंता घेते.

अशा मुलांपैकी काहींची श्रवणशक्ती अधू असते, काहींच्या टाळूस जन्मतः फट असते, तर काहींच्या मुखावयवांच्या स्नायूंवर मज्जासंस्थेचा ताबा पुरेसा नसतो. परंतु यांपैकी कोणतेही कारण ज्यांच्या ठिकाणी सापडत नाही अशा मुलांचा वर्ग फार मोठा आहे. त्यांतील अनेकांचा शब्दसंग्रह तोकडा असतो व वाक्यरचनाही वयाच्या मानाने मागे राहिलेली असते. म्हणजे उच्चारदोष हे एकूण भाषाविकासातील व्यंगाचे एक अंग असते. अशा मुलाचा दोष नेमका कोठे शोधावयाचा? जिभेत, कानात, की त्याने आपल्या मनाशी बांधलेल्या भाषेच्या व्यवस्थेत? या प्रश्नाला वेगवेगळ्या काळांत वेगवेगळी उत्तरे मिळाली, आणि उत्तर बदलले तसा उपचारही बदलला. या स्थित्यंतराचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

२

सर्वांत जुने उत्तर जिभेचे आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार सेल्सस याने आपल्या वैद्यकविषयक ग्रंथाच्या सातव्या भागात जिभेखालचा पडदा आखूड असल्यास तो कापण्याची शस्त्रक्रिया वर्णिली आहे. याच ठिकाणी त्याने एक प्रामाणिक नोंदही केली आहे. जखम भरून आल्यावर बहुतेक रोगी बोलू लागतात. परंतु एका रोग्याची जीभ शस्त्रक्रियेनंतर दातांच्या पुष्कळ पुढे येऊ लागली, तरी त्याला बोलता मात्र आले नाही, असे तो सांगतो. जिभेची हालचाल आणि बोलणे या दोन गोष्टी एक नव्हेत, याची ही अतिशय जुनी साक्ष आहे. तीवरून सिद्धान्त निघण्यास मात्र एकोणीस शतके जावी लागली.

दुसरी परंपरा उच्चारणाच्या वर्णनाची. तिचा अत्यंत समृद्ध आविष्कार प्राचीन भारतात झाला. शिक्षाग्रंथांनी व प्रातिशाख्यांनी स्थान, करण व प्रयत्न यांच्या आधारे वर्णांची जी मांडणी केली, ती वेदपठण शुद्ध राहावे या व्यावहारिक हेतूने केलेली होती. सदोष पठणाचे प्रकारही या ग्रंथांत सांगितलेले आहेत. विल्यम ड्वाइट व्हिटनी यांनी १८६२ मध्ये अथर्ववेदाचे व १८७१ मध्ये तैत्तिरीय शाखेचे प्रातिशाख्य इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केल्याने ही मांडणी पाश्चात्त्य अभ्यासकांना तपशिलाने उपलब्ध झाली. तिचे मोल आधुनिक स्वनविज्ञानाच्या दृष्टीने डब्ल्यू. एस. ॲलन यांनी १९५३ मधील आपल्या ग्रंथात विशद केले आहे. उच्चार हा मुखातील ठरावीक स्थानी होणारा ठरावीक व्यापार आहे, म्हणून तो शिकविता येतो, ही दृष्टी या परंपरेच्या मुळाशी आहे.

इंग्लंडमध्ये अलेक्झांडर मेलव्हिल बेल यांनी १८६७ मध्ये ‘दृश्य वाणी’ नावाची लिपी प्रसिद्ध केली. जीभ, ओठ व कंठ यांची स्थिती तिच्या चिन्हांतूनच दिसावी अशी तिची योजना होती. त्यांचे चिरंजीव अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८७१ पासून बॉस्टन येथे तिचा उपयोग कर्णबधिर मुलांच्या शिक्षणासाठी केला. जे ऐकू येत नाही ते डोळ्यांनी पाहून जिभेने करावयाचे, हे त्या मुलांच्या बाबतीत युक्तच होते. परंतु ज्यांचे कान शाबूत आहेत अशा बोबड्या मुलांनाही पुढे हाच मार्ग लागू करण्यात आला.

३

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत वाचोपचार हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून आकारास आला. १९१० मध्ये शिकागोच्या सार्वजनिक शाळांत उच्चारसुधारणेचे वर्ग सुरू झाले. १९१२ मध्ये एडवर्ड व्हीलर स्क्रिप्चर यांचा तोतरेपणा व बोबडेपणा यांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि १९२५ मध्ये या व्यावसायिकांची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तथापि या विद्येस शिस्तबद्ध पाठक्रम दिला तो चार्ल्स व्हॅन राइपर यांनी. ते स्वतः तोतरे होते. त्यांचा ‘वाणीसुधारणा : तत्त्वे व पद्धती’ या अर्थाच्या शीर्षकाचा ग्रंथ १९३९ मध्ये निघाला व पुढे अनेक आवृत्त्यांतून दोन पिढ्यांचे पाठ्यपुस्तक ठरला.

व्हॅन राइपर यांची पद्धती पायऱ्यांची होती. प्रथम कानाचे शिक्षण : मुलाने इष्ट ध्वनी ओळखावयाचा, आपला चुकीचा ध्वनी व तो यांतील अंतर जाणावयाचे. मग तो ध्वनी सुटा उच्चारावयाचा, नंतर अक्षरात, नंतर शब्दात, वाक्यात आणि अखेरीस सहज संभाषणात. एक ध्वनी पक्का झाला की दुसरा घ्यावयाचा. ज्या मुलाचा एखादाच ध्वनी बिघडलेला आहे त्याला या पद्धतीने निश्चित लाभ होई. पण ज्याचे आठ-दहा ध्वनी एकाच वेळी बिघडलेले आहेत, त्याला हा मार्ग संपविण्यास वर्षे लागत. शिवाय वाचोपचार-खोलीत बिनचूक निघणारा ध्वनी दाराबाहेर पडताच हरवे, हाही अनुभव वारंवार येई.

या पद्धतीच्या मुळाशी एक गृहीत होते : भाषेतील ध्वनी ही सुट्या वस्तूंची यादी आहे, आणि मुलाच्या यादीत काही वस्तू उणावल्या आहेत. मिल्ड्रेड टेंप्लिन यांनी ३ ते ८ वर्षे वयाच्या ४८० मुलांची पाहणी करून १९५७ मध्ये कोणता ध्वनी कोणत्या वयात येतो याचे कोष्टक दिले. त्याचा उपयोग मोठा होता. परंतु तेही यादीचेच कोष्टक होते. ज्या मुलाच्या दोषाचे शारीरिक कारण सापडत नसे, त्याच्या दोषास ‘कार्यिक’ असे नाव देण्यात येई. वस्तुतः ते निदान नव्हते; कारण सापडले नाही, एवढीच ती कबुली होती.

४

दुसरे उत्तर वाचोपचारातून आले नाही. ते भाषाविज्ञानातून आले. प्राग येथील विद्वन्मंडळाने ध्वनी आणि स्वनिम यांत भेद केला. त्रुबेत्स्कॉय यांचा स्वनिमविचाराच्या तत्त्वांवरील ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वनिमाचे मूल्य त्याच्या उच्चारात नसून इतर स्वनिमांशी असलेल्या त्याच्या विरोधात आहे, हा त्यातील मुख्य विचार. त्यांचे सहकारी रोमान याकोब्सन नाझी आक्रमणामुळे चेकोस्लोव्हाकिया सोडून डेन्मार्क व नॉर्वेमार्गे स्वीडनला पोहोचले. तेथे उप्साला येथे १९४१ मध्ये त्यांनी बालभाषा, वाचाघात व सामान्य ध्वनिनियम यांवरील आपला जर्मन प्रबंध प्रसिद्ध केला. तो इंग्रजीत येण्यास १९६८ साल उजाडले. या सत्तावीस वर्षांच्या अंतरात इंग्रजी भाषिक उपचारकांच्या हाती प्रामुख्याने व्हॅन राइपर यांच्या परंपरेचीच पाठ्यपुस्तके होती, हे लक्षात घेतले म्हणजे नवा विचार उपचारात उशिरा का शिरला, याचा काहीसा उलगडा होतो.

याकोब्सन यांचे प्रतिपादन असे. बाळ निरर्थक बडबडीच्या काळात नाना प्रकारचे ध्वनी काढते; पण शब्द बोलू लागताच त्यांतील पुष्कळ ध्वनी हरपतात. जीभ तीच असते. मग हे ध्वनी जातात कोठे? त्यांचे उत्तर असे की आता मुलाला ध्वनी नको असतात, विरोध हवे असतात, आणि ते एका क्रमाने उभारले जातात. प्रथम विवृत स्वर व ओष्ठ्य स्पर्श यांचा विरोध; मग अनुनासिक व निरनुनासिक यांचा; मग ओष्ठ्य व दन्त्य यांचा. मुखाच्या पुढच्या भागातील व्यंजनांवाचून मागच्या भागातील येत नाहीत. स्पर्शांवाचून घर्षक येत नाहीत. वाचाघातात हीच इमारत वरून खाली ढासळते. बडबड व भाषा यांच्यामध्ये त्यांनी मानलेली दरी, तसेच त्यांनी सांगितलेला क्रम, ही दोन्ही पुढील संशोधनाने जशीच्या तशी टिकली नाहीत. पण मुलाच्या उच्चारात व्यवस्था असते, हे त्यांचे मुख्य म्हणणे टिकले.

या म्हणण्याला दोन साध्या निरीक्षणांनी बळ दिले. जीन बर्को व रॉजर ब्राउन यांनी १९६० मध्ये एका मुलाची हकीकत नोंदविली. त्याच्याजवळ प्लास्टिकचा मासा होता. माशाला तो ‘फिश’ऐवजी ‘फिस’ म्हणे. मोठ्या माणसाने ‘हा तुझा फिस का?’ असे विचारताच त्याने ते नाकारले व पुन्हा ‘फिस’च म्हटले. ‘फिश’ असा बरोबर उच्चार केल्यावर मात्र त्याने मान्यता दिली. म्हणजे त्याच्या कानाला भेद कळत होता. त्याच्या उच्चारात तो उतरत नव्हता. दुसरे निरीक्षण नील स्मिथ यांचे. आपल्या मुलाच्या बोलण्याचा त्यांनी दोन वर्षे अभ्यास केला व तो १९७३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. हा मुलगा इंग्रजीतील ‘पडल’ (डबके) या शब्दास ‘पगल’ म्हणे, आणि ‘पझल’ (कोडे) या शब्दास ‘पडल’ म्हणे. ‘पडल’ हा ध्वनिसमूह त्याच्या जिभेला अवघड होता, असे म्हणावे तर तोच तो दुसऱ्या शब्दासाठी बिनचूक उच्चारीत होता. जिभेच्या दुबळेपणावर सारा दोष घालणाऱ्या उपपत्तीस याचे उत्तर देता येत नाही. एकच नियम सर्वत्र चालत आहे, असे मानले तरच या उदाहरणाची संगती लागते.

दोषग्रस्त मुलांच्या बाबतीतही हेच आढळते काय, हा पुढचा प्रश्न होता. विल्यम हास यांनी १९६३ मध्ये उच्चारदोष असलेल्या एका मुलाच्या बोलण्याचे स्वनिमदृष्ट्या पृथक्करण प्रसिद्ध केले. ज्याला आजवर गोंधळ म्हटले जात होते त्यात व्यवस्था आहे, फक्त ती प्रौढांच्या व्यवस्थेहून निराळी व अधिक गरीब आहे, हे त्यातून दिसून आले. निदानाची भाषा येथून पालटू लागली. मुलाला काय येत नाही, एवढेच पाहून थांबणे पुरेसे राहिले नाही; ते काय करीत आहे, हेही पाहणे अगत्याचे झाले.

५

या विचारास उपचारकांच्या हाती देता येईल असे रूप डेव्हिड स्टॅम्प यांच्या उपपत्तीने दिले. भारतातील मुंडा भाषांचे अभ्यासक म्हणूनही ते परिचित आहेत. १९६९ मध्ये त्यांनी असे मांडले की काही ध्वनिप्रक्रिया मनुष्यमात्रास निसर्गतः प्राप्त असतात : शब्दान्तीचे व्यंजन गाळणे, जोडाक्षर सुटे करणे, मागचा स्पर्श पुढे आणणे, घर्षकाचा स्पर्श करणे. मातृभाषेचे ध्वनी शिकणे म्हणजे तिला नको असलेल्या प्रक्रिया दाबून टाकणे. डेव्हिड इन्ग्रॅम यांनी १९७६ मध्ये मुलांच्या स्वनिमविषयक व्यंगावर ग्रंथ लिहून हा विचार दोषग्रस्त मुलांना लागू केला.

याचा उपचारावर होणारा परिणाम एका कल्पित मराठी उदाहरणाने स्पष्ट होईल. एखादे मूल ‘काका’ला ‘ताता’, ‘गाय’ला ‘दाय’, ‘खिडकी’ला ‘थिडती’ म्हणते. यादीच्या दृष्टीने येथे क, ख, ग असे तीन दोष आहेत व तीन स्वतंत्र पाठ द्यावे लागतील. प्रक्रियेच्या दृष्टीने दोष एकच आहे : जिभेच्या मागील भागाने होणारे स्पर्श दातांकडे आणले जात आहेत. घोष व महाप्राण यांचे भेद मुलाने बिनचूक राखले आहेत. ‘क’ आणि ‘त’ यांचा विरोध एकदा त्याच्या व्यवस्थेत उभा राहिला, तर ‘ख’ व ‘ग’ फारशा श्रमांवाचून त्याच्यामागून येण्याची आशा बाळगता येते.

तो विरोध उभा कसा करावयाचा? फ्रेडरिक वायनर यांनी १९८१ मध्ये दोन मुलांच्या उपचाराचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. एकाच स्वनिमाने भिन्न असणाऱ्या शब्दांच्या चित्रजोड्यांचा त्यांनी खेळ केला. मराठीत ‘कार’ व ‘तार’ ही जोडी घेता येईल. मुलाला कारचे चित्र हवे आहे. ते ‘तार’ म्हणते. उपचारक चूक दाखवीत नाही, जे ऐकले तेच, म्हणजे तारेचे चित्र हाती देतो. मूल गोंधळते, पुन्हा मागते, पुन्हा तार मिळते. आपल्या बोलण्याने आपले काम होत नाही, हा अनुभव त्याला आपली व्यवस्था तपासावयास लावतो. येथे जिभेला आज्ञा नाही. अर्थाची गरज मुलाला भेदाकडे नेते, आणि भाषेत स्वनिमाचे कार्यही नेमके हेच आहे.

बार्बरा हॉडसन व इलेन पेडन यांनी १९८३ मध्ये चक्रपद्धती मांडली. एक ध्वनी पूर्ण पक्का होईपर्यंत त्यावर थांबावयाचे नाही. प्रत्येक आकृतिबंध काही तास हाताळून पुढे जावयाचे व सर्व झाल्यावर पुन्हा पहिल्याकडे यावयाचे. प्रत्येक पाठाच्या आरंभी व शेवटी किंचित मोठ्या आवाजात इष्ट ध्वनीचे शब्द मुलाला ऐकवावयाचे. निसर्गतः शिकणारे मूलही एक ध्वनी संपवून दुसरा घेत नाही, हे निरीक्षण या योजनेच्या मुळाशी आहे. ज्यांचे बोलणे जवळजवळ अनाकलनीय आहे अशा मुलांसाठी तिचा विशेष उपयोग झाला.

६

इतिहास येथेच थांबला असता तर जिभेवर व्यवस्थेने मिळविलेला विजय, असे त्याचे सुलभ चित्र काढता आले असते. परंतु पुढील चार दशकांनी त्या चित्रात आवश्यक त्या दुरुस्त्या केल्या.

पहिली दुरुस्ती अशी की सर्व मुले एका जातीची नाहीत. बार्बरा डॉड यांनी १९९५ च्या ग्रंथात नियमित व अनियमित दोष यांत भेद केला. काही मुले एकच शब्द तीन वेळा तीन तऱ्हांनी उच्चारतात. त्यांच्यापुढे विरोधाचे खेळ मांडून फारसे साधत नाही. क्रॉस्बी, होम व डॉड यांनी २००५ मध्ये तीव्र दोष असलेल्या १८ मुलांवर दोन्ही उपचार करून पाहिले. नियमित दोषांच्या मुलांना विरोधाधिष्ठित उपचार अधिक मानवला. अनियमित दोषांच्या मुलांना मोजक्या नित्योपयोगी शब्दांचा एकच स्थिर उच्चार घटविणारा उपचार अधिक मानवला.

दुसरी दुरुस्ती कानाविषयी. ‘फिस’ म्हणणाऱ्या मुलाचा कान तयार होता. पण तसा तो प्रत्येक मुलाचा नसतो. सुझन राव्हाशू यांनी १९९४ मध्ये २७ मुलांच्या अभ्यासात दाखविले की इष्ट ध्वनीचे शुद्ध व अशुद्ध नमुने ओळखण्याचा सराव उच्चारशिक्षणास जोडला असता उच्चारात अधिक प्रगती होते. व्हॅन राइपर यांची पहिली पायरी अशा रीतीने नव्या पुराव्यासह परत आली.

तिसरी दुरुस्ती भाषाव्यंगाच्या एकात्मतेविषयी. व्याकरण सुधारले की उच्चार मागोमाग सुधारतील, अशी एक आशा होती. मार्क फे व त्यांचे सहकारी यांना १९९४ च्या अभ्यासात तसे आढळले नाही. व्याकरणावरील उपचाराने व्याकरणात प्रगती झाली तरी ध्वनिव्यवस्था जेथल्या तेथेच राहिली. तात्पर्य, ध्वनींकडे स्वतंत्रपणे लक्ष पुरवावे लागते. उलटपक्षी, ध्वनिव्यवस्थेचे दौर्बल्य उच्चारापुरते राहत नाही. बर्ड, बिशप व फ्रीमन यांनी १९९५ मध्ये ३१ मुलग्यांच्या अभ्यासातून दाखविले की वाचन शिकण्याच्या वयापर्यंत तीव्र उच्चारदोष टिकून राहिलेल्या मुलांना शब्दातील ध्वनी सुटे करून पाहणे जड जाते व त्यांचे वाचन-लेखन मागे पडते. गेल गिलन यांनी २००० मध्ये न्यूझीलंडमधील पाच ते सात वर्षांच्या ६१ मुलांच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ध्वनिजाणिवेच्या २० तासांच्या शिक्षणाने भाषाव्यंग असलेल्या मुलांच्या वाचनात लक्षणीय सुधारणा झाली, व उच्चारही सुधारले. ‘मोठे झाले की येईल बोलता’ या सांत्वनाची किंमत या निष्कर्षांवरून मोजता येते. सहाव्या वर्षी मुलाच्या हाती पुस्तक येते, आणि तोवर जी व्यवस्था बांधली गेली असेल तिच्यावरच त्याला अक्षरे रचावी लागतात.

असे असूनही जिभेचे जुने उत्तर मावळलेले नाही. ग्रेगरी लॉफ व मॅगी वॉटसन यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील पाहणीत ८५ टक्के वाचोपचारतज्ज्ञ फुंकर, शिट्टी, जीभ वर-खाली करणे असे शब्दाविना केलेले मुखव्यायाम वापरीत असल्याचे दिसले. उच्चारसुधारणेसाठी अशा व्यायामांची उपयुक्तता सिद्ध करणारा पुरावा मात्र नव्हता. सेल्ससच्या रोग्याची जीभ दातांपुढे आली होती, तरी त्याला बोलता आले नव्हते, याची येथे आठवण होते. मात्र जिभेच्या स्थानाचे शिक्षण सर्वस्वी निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. ज्याला ‘क’ हवा आहे हे कळले, पण तो कोठे निर्माण करावयाचा हे गवसत नाही, त्याला स्थान व प्रयत्न दाखवावेच लागतात. तेथे शिक्षाकारांची दृष्टी आजही उपकारक आहे. शिक्षाकारांनी स्थान शिकविले ते वर्णाचे, शब्दासाठी. शब्दावाचून जिभेची कसरत त्यांना अभिप्रेत नव्हती.

७

भारतात या विद्येचे संस्थात्मक शिक्षण १९६० नंतरच्या काळात रुजले. म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था १९६५ मध्ये, आणि मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ मध्ये स्थापन झाली. पाश्चात्त्य पद्धती येथे आल्या त्या प्रामुख्याने इंग्रजी ग्रंथांतून. पद्धती उसनी घेता येते. विरोध उसने घेता येत नाहीत. इंग्रजीच्या कोष्टकात ‘ळ’ नाही, ‘ण’ नाही, अल्पप्राण-महाप्राण हा अर्थभेदक विरोध नाही. वार्धक्य या अर्थाचे ‘जरा’ आणि थोडे या अर्थाचे ‘जरा’ यांतील तालव्य व दन्त्य ‘ज’ यांचा भेद मराठी लिपीही दाखवीत नाही, पण मराठी मुलाला तो साधावा लागतो. ‘पाट’ व ‘पाठ’, ‘ताक’ व ‘टाक’ यांतील भेद मराठी घरातील मुलाला रोज लागतात. अशोक केळकर यांनी १९५८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात मराठीच्या स्वनिमव्यवस्थेचे वर्णन केले. असे वर्णन विद्वानांच्या उपयोगाचे असते, तसेच ते उपचारकाच्या मेजावरचे साधनही असते. चित्रांची कोणती जोडी मुलापुढे ठेवावयाची, याचा निर्णय त्यावरच अवलंबून असतो.

या इतिहासाचा निष्कर्ष थोडक्यात असा. उच्चारदोष असलेले मूल आळसाने चुकत नाही. बहुधा ते आपल्या नियमांचे पालन करीत असते. ते नियम ओळखणे हे भाषावैज्ञानिकाचे काम, आणि ते बदलण्याचे निमित्त मुलाला पुरविणे हे उपचारकाचे. या दोन कामांची गाठ जेव्हा जेव्हा पडली, तेव्हा तेव्हा उपचार पुढे सरकला. आणि याकोब्सन यांच्या ग्रंथाप्रमाणे ती पडण्यास जेथे विलंब लागला, तेथे त्या विलंबाचे मोल मुलांना द्यावे लागले. मराठी मुलांच्या बाबतीत ही गाठ घालण्याचे दायित्व मराठीच्या स्वनिमव्यवस्थेचा अभ्यास करणाऱ्यांवर आहे.